लिव्हर-ॲक्शन रायफलीवर कोणता स्कोप बसवावा?

अमेरिकेत राहणाऱ्या आणि तेथील हंगामात परवाना काढून हरणाची शिकार करणाऱ्या वाचकांकडून लिव्हर-ॲक्शन (ट्रिगरखालचा दांडा ओढून पुढचे काडतूस भरायच्या) रायफली आणि त्यांवर बसवायचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, यांविषयी बरीच पत्रे आली आहेत. विषय एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यांची उत्तरे या वेळी एकत्र दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे .३०-३० काडतुसाची मार्लिन ३३६ आहे. शिकार दाट रानात, बहुधा मचाणावरून करतो आणि व्हाइटटेल हरीण शंभर यार्डांच्या आतच दिसते. दुकानदार ३-९×४० स्कोप घ्या म्हणतो, तर माझ्या एका जुन्या शिकारी मित्राच्या मते लिव्हर-ॲक्शनवर स्कोप बसवणे म्हणजे चांगल्या रायफलीचा अपमान आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण आपल्या गरजेशी दोघांचाही सल्ला पुरता जुळत नाही. ३-९×४० (म्हणजे तिप्पट ते नऊपट वर्धन आणि ४० मिलिमीटरचे पुढचे भिंग) हा बोल्ट-ॲक्शन रायफलीवर, म्हणजे बोल्ट हाताने मागेपुढे सरकवायच्या रायफलीवर, सर्रास बसणारा स्कोप आहे आणि दुकानात तो सर्वांत जास्त खपतो, म्हणून दुकानदाराच्या तोंडी तोच पहिला येतो. आपण मात्र स्कोपपासून सुरुवात न करता रायफलीपासून आणि काडतुसापासून सुरुवात करावी, म्हणजे निवड आपोआप सोपी होते.

आधी काडतूस पाहू. .३०-३० हे १८९५ साली बाजारात आलेले काडतूस. नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये गोळ्या एकामागे एक आडव्या बसतात आणि मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (आघाताने पेटणाऱ्या टोपीला) टेकलेले असते, त्यामुळे टोकदार धातूची गोळी तेथे धोकादायक ठरते आणि चपट्या टोकाची गोळी वापरावी लागते. अशी गोळी हवेत लवकर मंदावते. १७० ग्रेन वजनाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,२०० फूट वेगाने निघते आणि नेम शंभर यार्डांवर जुळवलेला असेल, तर दोनशे यार्डांवर ती साधारण आठ-नऊ इंच खाली उतरते. म्हणजे या रायफलीचा खरा पल्ला दीडशे यार्डांच्या आगेमागे संपतो. दीडशे यार्डांवरच्या हरणाच्या छातीवर नेम धरायला चौपट वर्धन पुरून उरते. नऊपट वर्धनासाठी मोजलेले पैसे आणि वाहिलेले वजन या रायफलीवर वाया जाते.

वजनापेक्षा मोठा तोटा दृष्टिक्षेत्राचा आहे. तिप्पट वर्धनावर शंभर यार्डांवरचे साधारण ३३ फूट रुंदीचे दृश्य दिसते, तर नऊपटीवर जेमतेम चौदा फूट. हेच प्रमाण मचाणापासून पंचवीस यार्डांवर आलेल्या हरणाला लावून पाहा. वर्धनाची कडी नऊवर राहून गेली असेल, तर आपल्याला साडेतीन फुटांचा तुकडा दिसेल, म्हणजे सबंध हरीणही त्यात मावणार नाही. दिसेल ती तपकिरी केसांची एक भिंत, आणि खांदा कोणता व पोट कोणते हे शोधेपर्यंत सावज झाडीत शिरलेले असेल. रानातल्या शिकारीत स्कोपची खालची मर्यादा वरच्या मर्यादेहून अधिक महत्त्वाची असते, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. दीडपटीवर हेच दृश्य साठ फुटांच्या पुढे जाते, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून रायफल खांद्याला लावली की हरीण शोधावे लागत नाही.

दुसरा मुद्दा उंचीचा. लिव्हर-ॲक्शन रायफलीचा दस्ता मूळच्या उघड्या साइट्ससाठी (नळीवरच्या नेमाच्या खुणांसाठी) घडवलेला असतो. त्या साइट्सची रेषा नळीच्या मध्यापासून इंचभराच्या आतच असते, त्यामुळे दस्त्याची वरची कड, म्हणजे जेथे गाल टेकतो तो भाग, बराच खाली उतरलेला असतो. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून दीड इंच किंवा त्याहून वर जातो. चाळीस मिलिमीटरचे पुढचे भिंग नळीवरच्या मागच्या साइटला टेकू नये म्हणून स्कोप धरणाऱ्या उंच कड्या वापरल्या, की ही उंची आणखी वाढते आणि गाल दस्त्यावर टेकेनासा होतो. मग हनुवटी टेकवून, मान उंचावून, डोके अधांतरी ठेवून नेम धरावा लागतो. असा नेम दरवेळी वेगळ्या जागी पडतो आणि रायफलीचा धक्काही नको तेथे बसतो. म्हणून पुढे फुगवटा नसलेला, सरळ नळीचा, वीस किंवा चोवीस मिलिमीटर भिंगाचा स्कोप, नाहीतर फार तर बत्तीस-तेहतीस मिलिमीटरचा स्कोप घ्यावा आणि तो बसेल तितक्या खाली बसवावा. त्यानंतरही गाल टेकत नसेल, तर दस्त्यावर चामड्याची गालपट्टी दोरीने आवळून घेता येते. ती दिसायला फारशी देखणी नसते, पण काम चोख करते. वर स्कोप आणि त्याखालून दिसणाऱ्या उघड्या साइट्स, असे दोन्ही साधणारे उंच माउंट (स्कोपच्या बैठका) मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण दोन्ही सोयींसाठी एकच दस्ता योग्य उंचीचा असूच शकत नाही.

मोठे भिंग संधिप्रकाशात जास्त उजेड देते, हा दुकानदाराचा पुढचा युक्तिवाद असेल. अनेक राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला परवानगी असते आणि हरणेही नेमकी त्याच वेळी हलतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण डोळ्यात शिरणारा उजेड भिंगाचा व्यास भागिले वर्धन या हिशेबाने ठरतो. ४० मिलिमीटरचे भिंग नऊपटीवर ४.४ मिलिमीटरचा प्रकाशझोत देते. ३३ मिलिमीटरचे भिंग चौपटीवर आठ मिलिमीटरहून मोठा झोत देते, आणि तरुण माणसाची बाहुलीसुद्धा अंधारात सुमारे सात मिलिमीटरपर्यंतच उघडते, वय वाढेल तशी त्याहून कमी. लहान स्कोप कमी वर्धनावर ठेवला, तर डोळ्याला जेवढा उजेड घेता येतो तेवढा तो देतोच. त्यापुढचा फरक भिंगांच्या दर्जाचा आणि त्यांवरच्या लेपाचा असतो. म्हणून तेवढ्याच पैशांत मोठा पण सुमार स्कोप घेण्याऐवजी लहान आणि चांगला घ्यावा.

आपल्यासाठी माझी निवड २-७×३३. रान आणखी दाट असेल, तर १.५-५×२०. फिरवायची कडीच नको असेल, तर एकाच वर्धनाचा अडीचपट स्कोप, जो सहा-सात औंसांत मावतो आणि ज्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. त्या तुलनेत ३-९×४० बारा-तेरा औंसांपर्यंत जातो आणि सात पौंडांच्या रायफलीवर तो फरक हाताला जाणवतो. रेटिकल (स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेषा) साधा असावा. बाहेरून जाड आणि मध्याकडे बारीक होत जाणाऱ्या रेषा संधिप्रकाशात सर्वांत चांगल्या दिसतात. दूरच्या पल्ल्यासाठी खुणांची शिडी काढलेले रेटिकल या काडतुसाला शोभत नाही आणि त्याचा उपयोगही नाही.

आता आपल्या मित्राविषयी. मार्लिन ३३६ ही १९४८ साली आली, तेव्हापासूनच तिचा वरचा भाग सपाट आणि बंद आहे, झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी उजव्या बाजूने बाहेर पडते, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून स्कोपच्या माउंटसाठी वर आटे पाडलेली भोके कारखान्यातूनच येतात. जिच्या घडणीतच स्कोपची सोय आहे, तिच्यावर तो बसवण्यात अपमान कसला? मित्राच्या म्हणण्यातला खरा भाग एवढाच, की ही रायफल ॲक्शनच्या (काडतूस भरणाऱ्या यंत्रणेच्या) खाली, तोलाच्या जागी एका हातात धरून चालण्यासाठी बनलेली आहे आणि मोठा स्कोप ती मजा घालवतो. लहान स्कोप ती बरीचशी शाबूत ठेवतो.

प्रश्न : घरातील वडीलधाऱ्यांकडून मला विंचेस्टर ९४ मिळाली आहे, १९५० च्या दशकात बनलेली. ती पुंगळी वरच्या बाजूने फेकते. वयामुळे मला उघड्या साइट्स स्पष्ट दिसत नाहीत. हिच्यावर स्कोप बसेल का?

उत्तर : बसतो, पण हिच्यावर बसवू नये असे माझे मत आहे. जॉन ब्राउनिंग यांची ही रचना १८९४ ची. तिचा बोल्ट मागे आला की ॲक्शनचा वरचा भाग उघडा पडतो आणि पुंगळी सरळ वर उडते. म्हणजे स्कोप नेहमी जेथे बसतो, नेमकी तीच जागा मोकळी ठेवावी लागते. कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुंगळी तिरकी उजवीकडे फेकणारी रचना आणली ती मुख्यतः याच कारणासाठी, पण आपली रायफल त्याआधीची आहे.

उरतात ते दोन मार्ग. एक, डाव्या अंगाला माउंट लावून स्कोप नळीच्या मध्यरेषेपासून थोडा डावीकडे बसवणे. असा स्कोप गोळीच्या वाटेला तिरका असतो, त्यामुळे जुळवलेल्या अंतरापेक्षा जवळ किंवा दूर गोळी थोडी आडवी सरकते. रानातल्या पल्ल्यात हा फरक सोसण्यासारखा आहे, पण गाल दस्त्यावर टेकवण्याचा प्रश्न येथे दुप्पट होतो, कारण डोके वरही न्यावे लागते आणि बाजूलाही. दुसरा मार्ग म्हणजे नळीवर, ॲक्शनच्या पुढे बसणारा स्काउट स्कोप. तो डोळ्यापासून नऊ-दहा इंच दूर असतो, पुंगळीची वाट मोकळी राहते आणि हातात धरायची जागाही रिकामी राहते. मात्र सूर्य मागून असेल तेव्हा त्याच्या मागच्या भिंगावर चकाकी येते, आणि संधिप्रकाशात तो नेहमीच्या स्कोपइतका उजळ वाटत नाही.

दोन्ही मार्गांत रायफलीला नवे भोक पाडावे लागण्याची शक्यता असते, आणि खरा अडसर तोच आहे. १९६४ साली या रायफलीच्या घडणीत खर्च वाचवणारे बदल झाले, त्यामुळे त्याआधीच्या रायफलींना संग्राहक अधिक किंमत देतात आणि एका नव्या भोकाने ती किंमत लगेच उतरते. वारशाने आलेल्या वस्तूवर ड्रिल चालवण्याआधी ॲक्शनची डावी बाजू नीट पाहा. त्या काळातल्या अनेक रायफलींवर तेथे दोन लहान भोके कारखान्यातूनच पाडलेली आणि बारीक स्क्रूंनी बुजवलेली आढळतात. ती पीप साइटसाठी (बारीक भोकाच्या मागच्या साइटसाठी) असतात. आपल्या डोळ्यांच्या तक्रारीवर हाच माझ्या मते सर्वांत चांगला उपाय आहे. बारीक भोकातून पाहिल्यावर डोळ्याची तीव्रता वाढल्यासारखी होते, मागची साइट स्पष्ट पाहण्याची गरजच उरत नाही, आणि लक्ष फक्त माशीवर, म्हणजे पुढच्या साइटवर, ठेवायचे असते. शिकारीसाठी भोक मोठे ठेवा. निशाणेबाजीच्या स्पर्धेतले बारीक भोक रानातल्या सावलीत काळे पडते.

प्रश्न : स्कोप बसवल्यापासून रायफलीचा घोडा अंगठ्याने ओढणे कठीण झाले आहे. यावर काही उपाय?

उत्तर : घोड्याला बाजूने जोडायची एक लहान दांडी मिळते, जिला हॅमर स्पर किंवा हॅमर एक्स्टेन्शन म्हणतात. ती एका बारीक स्क्रूने आवळली जाते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने ती उजवीकडे बाहेर येईल अशी बसवावी. हा शोभेचा भाग समजू नये. भरलेल्या रायफलीचा ताणलेला घोडा सावकाश खाली सोडताना अंगठा स्कोपच्या खाली अडकून निसटला, तर गोळी सुटू शकते, आणि हिवाळ्यातले जाड हातमोजे घातलेले असतील तर ही शक्यता आणखी वाढते. दांडी बसवल्यावर रिकाम्या रायफलीवर, नळी सुरक्षित दिशेला रोखून, घोडा अर्ध्या टप्प्यावर आणण्याचा सराव हातमोजे घालूनच करावा. हंगामात अधूनमधून तो स्क्रू सैल झाला नाही ना, हेही तपासावे, कारण धक्क्याने तो हमखास सैल होतो.

प्रश्न : माझी रायफल .४५-७० ची आहे. मित्राच्या स्कोपने त्याच्या भुवईला खोक पाडली, म्हणून मला धास्ती वाटते.

उत्तर : धास्ती वाजवी आहे. .४५-७० हे १८७३ चे लष्करी काडतूस, पण आजच्या मजबूत रायफलींसाठी भरलेली त्याची जोरदार काडतुसे सात पौंडांच्या आखूड रायफलीतून झाडली, तर धक्का चांगलाच बसतो. स्कोप निवडताना मागच्या भिंगापासून डोळ्यापर्यंतचे अंतर, ज्याला आय रिलीफ म्हणतात, किमान साडेतीन इंच, शक्यतो चार इंच हवे. अनेक स्कोपमध्ये वर्धन वाढवले की हे अंतर घटते, म्हणून माहितीपत्रकात कमाल वर्धनावरचा आकडा पाहावा. .२२ रायफलीसाठी बनवलेला स्वस्त स्कोप यावर कधीही लावू नये. त्याचे आय रिलीफ अपुरे असते आणि आतली भिंगेही असा धक्का सोसण्यासाठी बसवलेली नसतात.

स्कोप पुढे-मागे सरकवून जागा ठरवताना एक काळजी घ्या. दुकानाच्या टेबलापाशी ताठ उभे राहून ठरवलेली जागा टेकडीच्या चढावर नेम धरताना किंवा पालथे पडून नेम धरताना चुकीची ठरते, कारण तेव्हा डोके आपसूक पुढे सरकते. हंगामात घालणार तोच जाड कोट घालून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. दृश्याच्या कडेला काळी सावली दिसली, तर स्कोप हलवा. कमाल वर्धनावर पूर्ण गोल दिसेल अशा जागांपैकी सर्वांत पुढची जागा पक्की करा.

प्रश्न : स्कोपऐवजी रेड डॉट (भिंगात नेमाचा लाल ठिपका दाखवणारी साइट) चालेल का?

उत्तर : पन्नास-साठ यार्डांच्या शिकारीला उत्तम चालेल. वजन नगण्य, डोळा कोठेही असला तरी चालतो. दोन गोष्टी मात्र आधी तपासाव्यात. दृष्टिवैषम्य असलेल्या माणसाला लाल ठिपका फुटलेल्या ताऱ्यासारखा दिसतो, तेव्हा विकत घेण्याआधी स्वतःच्या डोळ्याने पाहावे. आणि झाडीत उभे असलेले जनावर मादी आहे की आखूड शिंगांचा नर, हे ठिपका सांगत नाही. परवाना नराचाच असेल, तर गळ्यात वेगळी दुर्बीण हवी. ओळख पटवण्यासाठी रायफलीचा स्कोप रोखणे तर कोणीच करू नये, कारण पलीकडे माणूसही असू शकतो.

प्रश्न : स्कोप घरीच बसवून जुळवायचा आहे. कोणत्या अंतरावर आणि कसा?

उत्तर : रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, मग माउंटच्या भोकांतले तेल पुसून काढा. कड्यांचे स्क्रू आवळताना हाताच्या अंदाजावर विसंबू नका. बहुतेक कड्यांना पंधरा ते अठरा इंच-पौंड पुरतात, त्याहून जास्त ताकद लावली की स्कोपची नळी दबते. माउंटच्या स्क्रूंसाठी उत्पादकाचा आकडा वेगळा असतो, तो पाळावा.

बोल्ट-ॲक्शनचा बोल्ट काढून नळीतून थेट पाहता येते, तशी सोय बहुतेक लिव्हर-ॲक्शनमध्ये नाही. मार्लिन त्याला अपवाद आहे. लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतात. तेवढे करताना ॲक्शनच्या आतला लहानसा इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) घसरून खाली पडतो. तो गवतात हरवला तर शिकार त्या दिवशी तेथेच संपते, म्हणून हे काम खाली फडके अंथरून करावे. बाकीच्या रायफलींसाठी लेझरचा बोअरसाइटर (नळीची दिशा दाखवणारे साधन) वापरावा.

पहिली गोळी पंचवीस यार्डांवर झाडा. स्कोपच्या फिरकीची शंभर यार्डांवर पाव इंच हलवणारी क्लिक पंचवीस यार्डांवर केवळ एक-सोळांश इंच हलवते, म्हणजे तेथे एक इंचाच्या दुरुस्तीला सोळा क्लिक लागतात. हे ध्यानात नसेल, तर स्कोप बिघडला असे वाटून काडतुसांचा अर्धा डबा संपतो. कागदावर मध्याजवळ आल्यावर शंभर यार्डांवर जा आणि चपट्या टोकाची १७० ग्रेनची गोळी नेमाच्या सुमारे दोन इंच वर लागेल असा स्कोप जुळवा. मग गोळी दीडशे यार्डांवर मध्यात येते आणि दोनशेवर पाचेक इंच खाली जाते, म्हणजे पावणेदोनशे यार्डांपर्यंत हरणाच्या छातीच्या मध्यावर नेम धरून पुरते. मऊ लवचीक टोकाची जी १६० ग्रेनची गोळी खास नळी-मॅगझिनसाठी निघाली आहे, ती वापरत असाल तर शंभरावर तीन इंच वर ठेवल्यास ती दोनशे यार्डांवर जवळपास मध्यात लागते. दोन्ही काडतुसे एकाच रायफलीत आलटूनपालटून वापरू नयेत, कारण एकीवर जुळवलेला नेम दुसरीला लागू पडत नाही.

तीन-तीन गोळ्यांच्या गटानंतर नळी थंड होऊ द्या. या रायफलींत नळीला मॅगझिनची नळी आणि पुढची लाकडी मूठ पट्ट्यांनी जखडलेली असते, त्यामुळे तापल्यावर गोळ्या वर-खाली सरकतात आणि दोष विनाकारण स्कोपच्या माथी येतो. पुढचा आधार नेहमी मुठीखाली ठेवावा, नळीखाली कधीही नाही. शेवटचा गट मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण थंड नळीतून झाडून पाहावा, कारण हरणावर जाणारी पहिली गोळी थंड नळीतूनच जाते.